चार छटांतला ग्रह

नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत गेम बॉयचं एक नवं कार्ट्रिज विक्रीला आलं : ‘मेट्रॉइड टू : रिटर्न ऑफ सॅमस’. गेम तयार झाला होता जपानमध्ये, पण जपानी खेळाडूंना तो मिळाला जानेवारी १९९२ मध्ये. कार्ट्रिजची क्षमता अवघी २५६ किलोबाइट. आज फोनवर काढलेला साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा खातो. एवढ्याशा जागेत एक अख्खा ग्रह बसवला होता. त्याच्या पोटातले बोगदे, पडझड झालेल्या वास्तू, तिथले प्राणी, संगीत आणि एक गोष्ट.

पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत हा गेम दोनदा नव्याने घडवला गेला. पहिल्यांदा अर्जेंटिनात, एका माणसाने पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून, एक पैसा न घेता, जवळजवळ दहा वर्षं खपून. दुसऱ्यांदा स्पेनमध्ये, खुद्द निन्टेन्डोच्या देखरेखीखाली, एका व्यावसायिक स्टुडिओत. पहिल्यावर एक-दोन दिवसांतच कायद्याचा बडगा आला, दुसऱ्याला पुरस्कार मिळाला. दोन्ही रिमेक मन लावून केलेले आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण मूळ गेमचा गाभा नेमका कुठे आहे, याची दोघांची समज वेगळी होती. ती वेगळी समज खेळाच्या अगदी अखेरच्या टप्प्यात उघडी पडते.

तिथवर पोचायचं तर आधी गेम बॉय समजून घ्यायला हवा. गुनपेई योकोई १९६५ मध्ये निन्टेन्डोत नोकरीला लागले, तेव्हा ही क्योतोची कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापायची, आणि योकोईंकडे कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल होती. पुढे एकदा बुलेट ट्रेनच्या प्रवासात कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढताना त्यांना दिसला. त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हे खिशात मावणारं खेळणं निघालं. योकोईंचा एक आग्रह आयुष्यभर टिकला : जे तंत्रज्ञान जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोडी कळून चुकल्यात, तेच हाती घ्यायचं आणि आजवर ते जिथे कुणी वापरलं नसेल तिथे वापरायचं.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आलेला गेम बॉय हे या आग्रहाचं सर्वांत मोठं फळ. १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा. रंग नाहीत, पिवळसर हिरव्या काचेवर काळपट रंगाच्या चार छटा, बस्स. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे खेळायला बसायचं ते खिडकीपाशी नाहीतर दिव्याखाली. त्याच सुमाराला आलेल्या अटारीच्या लिंक्सचा आणि पाठोपाठ आलेल्या सेगाच्या गेम गिअरचा पडदा रंगीत होता, उजळ होता. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि तेही काही तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर त्याहून कितीतरी जास्त वेळ चालायचा, आणि हातातून पडला तरी सहसा बिघडायचा नाही. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगभरात ११ कोटींहून अधिक यंत्रं विकली गेली.

आपल्याकडे गेम बॉय फारसा पोचलाच नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्यांना आठवेल तो ब्रिक गेम : राखाडी काच, काळे चौकोन आणि वरून पडणारे ठोकळे. तसल्याच एका रंगहीन काचेवर कुणी गंभीर विज्ञानकथा सांगायला बसलं तर तो काय काय करील, याचं उत्तर म्हणजे ‘मेट्रॉइड टू’.

मालिकेतला पहिला ‘मेट्रॉइड’ ६ ऑगस्ट १९८६ रोजी निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्रासाठी आला होता. योकोईंच्या विभागातल्या तरुण मंडळींनी तो केला. रिडली स्कॉटच्या ‘एलियन’ या चित्रपटाचा त्यांच्यावर दाट प्रभाव होता. गेममधल्या एका खलनायक प्राण्याचं नावच त्यांनी रिडली ठेवलं. त्या काळचे बहुतेक गेम डावीकडून उजवीकडे धावायचे. इथे मात्र परग्रहाच्या भुयारांत वाट चुकायची, नवं शस्त्र सापडलं की मागे फिरायचं आणि मघाशी बंद असलेलं दार उघडायचं. चिलखतातला योद्धा सॅमस अरान ही बाई आहे, हे गेम झटपट संपवणाऱ्यालाच शेवटी कळायचं. १९८६ मध्ये हा मोठा धक्का होता.

दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन हिरोजी कियोताके आणि हिरोयुकी किमुरा यांच्याकडे आलं. कथा माकोतो कानो यांची, संगीत र्योजी योशितोमी यांचं, निर्माते योकोई. सॅमसचं मूळ रूप कियोताकेंनीच रेखाटलं होतं, त्यामुळे ती या नव्या पडद्यावर कशी दिसावी याची चिंता त्यांना सर्वांत जास्त असणार. फॅमिकॉमचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा. गेम बॉयचं क्षेत्रफळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. सॅमस लहान काढली असती तर आजूबाजूचं जास्त दिसलं असतं, पण तिच्या चिलखतातले बारकावे हरवले असते. त्यांनी तिला मोठी आणि रेखीव काढायचं ठरवलं. त्याची किंमत म्हणून खेळाडूला भोवतालचं फारसं दिसेनासं झालं. दोन पावलांपुढे काय आहे ते कळत नाही, वर पाहावं तर अंधार, खाली पाहावं तर अंधार. हा कोंडमारा तडजोडीतून आला खरा, पण गोष्टीला तो इतका शोभला की मुद्दाम योजल्यासारखा वाटतो.

रंग नसल्यामुळे आणखी एक पेच उभा राहिला. पहिल्या गेममध्ये सॅमसला ‘व्हेरिया’ नावाचं अधिक मजबूत चिलखत मिळालं की तिचा रंग बदलायचा. चार छटांत हे दाखवणार कसं? म्हणून या गेममध्ये व्हेरिया चिलखताला मोठाले गोल खांदे दिले गेले. आज सॅमसचं जे चित्र जगभर ओळखलं जातं त्यातले ते भरदार खांदे असे रंगाच्या अभावातून आले. तिचं अवकाशयानही खेळात पहिल्यांदा दिसलं ते इथेच. आणि गेम मध्येच थांबवून तिथपर्यंतची प्रगती कार्ट्रिजमध्ये साठवायची सोय आली. अमेरिकेतल्या मुलांना पहिल्या भागात त्यासाठी लांबलचक पासवर्ड कागदावर उतरवून ठेवावा लागायचा.

नकाशा मात्र नव्हता. जागेच्या टंचाईमुळे तेच ते दगड, तेच ते खांब पुन्हा पुन्हा वापरलेले, त्यामुळे एक भुयार दुसऱ्यासारखं दिसायचं आणि खेळाडू हमखास हरवायचा. योशितोमींच्या हाती ध्वनीच्या चारच वाहिन्या होत्या. ग्रहाच्या पृष्ठभागावर त्यांनी उमेद वाढवणारी, दमदार चाल दिली. खाली उतरलं की चाल संपते. उरतात थेंब पडल्यासारखे, कुणीतरी लांबून खरवडल्यासारखे सुटे आवाज, आणि त्यांच्यामधल्या लांब शांतता. अनेकांना ते संगीत कर्कश वाटलं. मला ते भुयारात एकट्याने उतरलेल्या माणसाच्या कानांना ऐकू येईल तसंच वाटतं.

आता गोष्ट. मेट्रॉइड हे दुसऱ्या जिवाची ऊर्जा शोषून घेणारे, हवेत तरंगणारे जीव. त्यांचं मूळ एसआर ३८८ या ग्रहावर. त्यांना शस्त्र म्हणून कुणी वापरू नये म्हणून गॅलॅक्टिक फेडरेशन तिथे आधी संशोधक पाठवतं, मग बचावपथक, मग सैनिक. कुणाचाच पत्ता लागत नाही. तेव्हा सॅमसला कामगिरी मिळते : ग्रहावर उतरायचं आणि एकही मेट्रॉइड शिल्लक ठेवायचा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, ३९. इतके मेट्रॉइड उरलेत. प्रत्येक वधानंतर तो एकाने उतरतो. ठरावीक संख्या मारली की जमीन हादरते, वाट अडवणारं आम्ल ओसरतं आणि आणखी खोल जायची वाट मोकळी होते. असं का होतं, हे गेम सांगत नाही.

या भागात मेट्रॉइडचं जीवनचक्रही पहिल्यांदा उलगडलं. टाकलेली कात दिसली की समजायचं, तो जवळपास आहे आणि त्याने नवं रूप घेतलंय. अल्फा, गॅमा, झीटा, ओमेगा, प्रत्येक रूप आधीच्यापेक्षा मोठं आणि चिवट. खोल जावं तसे इतर प्राणी विरळ होत जातात. शेवटच्या गुहांत जवळपास काहीच जिवंत उरत नाही. आकडा एकवर येतो, आणि आता संपलंच असं वाटत असताना अचानक एकाचे नऊ होतात. तिथे नुकत्याच जन्मलेल्या मेट्रॉइडचा एक थवा असतो. तोही मारायचा. मग राणी. तिलाही मारलं की आकडा शून्यावर जातो.

राणीच्या पलीकडे एक अंडं असतं. सॅमस जवळ जाते तेव्हा ते फुटतं, आणि बाहेर आलेलं पिल्लू पहिल्यांदा जिला पाहतं तिलाच आई समजून तिच्याभोवती घिरट्या घालू लागतं. इतके तास खेळाडूने एकच काम केलेलं असतं, आणि इथे सॅमस ते करत नाही. यानाकडे परतण्याची वाट एका ठिकाणी दगडासारख्या कठीण वाढीने बंद झालेली असते. सॅमसचं कुठलंच शस्त्र तिथे चालत नाही. पिल्लू ती खाऊन वाट करून देतं. पहिल्या गेमच्या शेवटी घड्याळ उलटं धावायचं, स्फोटाआधी पळ काढायचा असायचा. इथे घड्याळ नाही, शत्रू नाही. शांत संगीत, वर जाणारी वाट, आणि मागोमाग येणारं पिल्लू. मारण्याची कामगिरी घेऊन उतरलेली बाई एका जिवाला सोबत घेऊन परतते. हे सांगायला एक वाक्यही खर्च केलेलं नाही. खेळणाऱ्याच्या बोटांना जे कळायचं ते कळतं. १९९१ मध्ये, त्या हिरव्या काचेवर, हे कुणीतरी करून दाखवलं. व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या सर्वोत्तम शेवटांपैकी हा एक आहे असं मी मानतो.

मालिकेने पुढे या पिल्लाला विसरू दिलं नाही. १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’ची कथा त्याच्यापासूनच सुरू होते, आणि त्यात ते सॅमससाठी प्राण देतं. नंतर आठ वर्षं एकही मेट्रॉइड आला नाही. २००२ मध्ये आलेल्या ‘मेट्रॉइड फ्यूजन’ने तर दुसऱ्या भागाचा अर्थच फिरवला. एसआर ३८८ वर ‘एक्स’ नावाचे भयंकर परजीवी होते, आणि त्यांना आवर घालण्यासाठीच चोझो या पक्ष्यांसारख्या प्राचीन जमातीने मेट्रॉइड निर्माण केले होते, असं त्यात उघड झालं. म्हणजे सॅमसने हुकूम पाळून जो संहार केला, त्यानेच त्या परजीवींना रान मोकळं करून दिलं. आणि त्यांची लागण झाल्यावर ती वाचली ती कशामुळे? त्याच पिल्लाच्या पेशींपासून बनवलेल्या लसीमुळे. एवढा भार वाहणारा दुसरा भाग नव्या पिढीला खेळायला सोपा नव्हता. २००४ मध्ये निन्टेन्डोने पहिल्या भागाचा ‘झीरो मिशन’ हा देखणा, वेगवान रिमेक काढला. दुसऱ्या भागाच्या वाट्याला मात्र काही आलं नाही. तो तसाच हिरव्या काचेत राहिला.

चाहत्यांना हे सहन होईना. इंटरनेटवर ठिकठिकाणी कुणी ना कुणी ‘मेट्रॉइड टू’चा रिमेक करायला घेत होता आणि अर्ध्यात सोडून देत होता. अशा फसलेल्या प्रयत्नांची संख्या इतकी झाली की अर्जेंटिनाच्या मिल्टन ग्वास्तीने आपल्या प्रकल्पाचं नावच ‘अनदर मेट्रॉइड टू रिमेक’ असं ठेवलं, म्हणजे अजून एक. लोक त्याला एएमटूआर म्हणू लागले. ग्वास्तीचं क्षेत्र ध्वनिमुद्रणाचं. हे काम त्याने हाती घेतलं ते प्रोग्रामिंग शिकण्यासाठी, २००० च्या दशकाच्या मध्यावर. हत्यार होतं गेममेकर, नवशिक्यांना सोपं जावं म्हणून बनवलेलं सॉफ्टवेअर. सोबतीला हळूहळू चित्रं काढणारे, चाचणी घेणारे स्वयंसेवक जमले. मधूनमधून डेमो निघायचे. पण मुख्य ओझं एकाच्याच खांद्यावर होतं, संगीतासकट.

अशा कामात मोह होतो तो सगळंच नव्याने रचायचा. ग्वास्तीने आधी मूळ गेमच्या भूगोलाचा नीट अभ्यास केला. ‘झीरो मिशन’च्या धर्तीवर सॅमसला चपळ हालचाल दिली, कड्याला लटकून वर चढता येईल अशी सोय केली, नकाशा दिला. पडदा रुंद झाला, रंग आले. एकसारख्या दिसणाऱ्या भुयारांना त्याने निरनिराळं रूप दिलं : कुठे जलविद्युत केंद्र, कुठे मनोरा. पण ग्रहाचा सांगाडा त्याने हलवला नाही. मूळ गेममध्ये अल्फा आणि गॅमा मेट्रॉइड जवळपास सारख्याच पद्धतीने अंगावर यायचे. इथे प्रत्येक रूपाला त्याचा स्वभाव मिळाला आणि झीटा, ओमेगा खरोखर धडकी भरवू लागले. योशितोमींच्या चाली त्याने वाढवल्या, पण जिथे मुळात शांतता होती तिथे बरीचशी शांतता ठेवली.

एका गोष्टीत मात्र त्याने जास्त केलं असं मला वाटतं. प्रत्येक भागात शिरताना तिथली माहिती देणाऱ्या नोंदी त्याने घातल्या. त्या चांगल्या लिहिलेल्या आहेत, पण मूळ गेमची ताकद न सांगण्यात होती. ओस पडलेल्या वास्तू कुणाच्या आणि कशासाठी, हे न कळण्यातच तिथलं भय होतं.

एएमटूआर पूर्ण झाला आणि ६ ऑगस्ट २०१६ रोजी, पहिल्या मेट्रॉइडला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, सर्वांसाठी मोफत खुला झाला. व्यावसायिक गेमच्या तोडीचा म्हणून त्याचं कौतुक सुरू होतंय तोच ज्या संकेतस्थळांवर तो उतरवून घ्यायला ठेवला होता त्यांना निन्टेन्डोच्या वतीने नोटिसा गेल्या. आधार होता अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल कॉपीराइट कायदा. एक-दोन दिवसांत दुवे बंद पडू लागले. ग्वास्ती तरीही चुका दुरुस्त करत होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला खुद्द त्याच्याकडे मागणी आली आणि त्याने काम थांबवलं. कंपनी आपला हक्क राखते आहे, तिच्यावर राग धरू नका, मूळ गेम विकत घेऊन खेळा, असं त्याने चाहत्यांना सांगितलं होतं. मूळ गेम तेव्हा निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात मिळत होता. दहा वर्षांचं काम असं रोखलं जात असताना माणसाने इतकं संयमाने बोलावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याच आठवड्यात चाहत्यांनी नऊ वर्षांहून अधिक काळ खपून केलेला ‘पोकेमॉन युरेनियम’ही प्रसिद्ध झाला होता, आणि त्याची गतही तीच झाली. वर्षअखेरीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये चाहत्यांच्या निर्मितीसाठी वेगळा विभाग होता. दोन्ही गेमना त्यात नामांकन मिळालं आणि नंतर दोन्ही नावं यादीतून गुपचूप काढली गेली.

निन्टेन्डोचा हक्क होता, याबद्दल वाद नाही. सॅमस त्यांची, कथा त्यांची, मेट्रॉइडचं नाव त्यांचं. आणि नंतर जे समोर आलं त्यावरून हेही दिसतं की ग्वास्तीचा गेम बाहेर पडला तेव्हा कंपनीचा स्वतःचा रिमेक पडद्याआड आकार घेत होता. पण हक्क बजावण्याच्याही अनेक तऱ्हा असतात. सेगाने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सॉनिक या मालिकेतला ‘सॉनिक मेनिया’ काढला तो क्रिश्चन व्हाइटहेड आणि त्याच्या साथीदारांकडून, म्हणजे सॉनिकचे हौशी गेम करत मोठ्या झालेल्या पोरांकडूनच. कंपनीने त्यांना नोटीस देण्याऐवजी काम दिलं, आणि कैक वर्षांतला सर्वांत वाखाणला गेलेला सॉनिक तिला मिळाला.

जून २०१७ मध्ये ई-थ्री या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी निन्टेन्डोने ‘मेट्रॉइड : सॅमस रिटर्न्स’ची घोषणा केली. हाच दुसऱ्या भागाचा अधिकृत रिमेक, थ्रीडीएससाठी. १५ सप्टेंबर २०१७ रोजी तो बाहेर पडला. काम केलं होतं माद्रिदच्या मर्क्युरीस्टीम या स्टुडिओने. दिग्दर्शक होसे लुइस मार्केझ, आणि निर्माते योशिओ साकामोतो. पहिल्या गेमपासून मालिकेशी जोडलेल्या साकामोतोंचा मूळ दुसऱ्या भागात मात्र हात नव्हता. मर्क्युरीस्टीमला करायचा होता ‘फ्यूजन’चा रिमेक, साकामोतोंनी त्यांना दुसऱ्या भागाकडे वळवलं.

स्पॅनिश मंडळींनी काम नेटकं केलं. सॅमस आता कुठल्याही कोनात नेम धरू शकत होती. अंगावर धावून येणाऱ्या प्राण्याला नेमक्या क्षणी फटका मारून परतवायची नवी क्लृप्ती होती. ती सुरुवातीला मजा आणते, पण प्रत्येक किरकोळ प्राणी तिच्याचसाठी धावून येऊ लागतो आणि खेळाचा वेग मोडतो. खालच्या पडद्यावर सतत नकाशा. आम्ल का ओसरतं, याचंही उत्तर आलं : मेट्रॉइडचा डीएनए चोझोंच्या पुतळ्यात बसवला की वाट मोकळी होते. यंत्रणा पटते, पण जमिनीच्या त्या अनाकलनीय हादऱ्यात जी दहशत होती ती जाते. दृश्यं सुंदर आहेत. पार्श्वभूमीत दूरवर पसरलेल्या गुहा, वनस्पती, धबधबे दिसतात. नेमकं हेच मूळ ग्रहात नव्हतं. तिथे दूरचं काही दिसतच नव्हतं.

आणि शेवट. राणी मरते, अंडं फुटतं, पिल्लू सोबत येतं. सॅमस पृष्ठभागावर पोचते आणि तिथे रिडली झडप घालतो, तोच तो पहिल्या भागातला खलनायक, अर्धा यंत्र झालेला. मोठी लढाई होते, तीत पिल्लू सॅमसला मदत करतं. लढाई म्हणून ती उत्तम रचलेली आहे. ‘सुपर मेट्रॉइड’च्या आरंभी रिडलीच पिल्लाला पळवतो, त्याचा धागाही जुळतो. श्रेयनामावलीनंतर ‘एक्स’ परजीवीची एक झलक दाखवून ‘फ्यूजन’शीही सांधा जोडलाय. मालिकेच्या हिशेबात सगळं चोख बसतं.

पण मूळ गेमच्या शेवटी मारण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्याचा सगळा अर्थ त्यातच होता. सॅमसने शस्त्र खाली ठेवलं, याला वजन आलं ते पुढे शस्त्राची गरजच न पडल्यामुळे. यानापाशी आणखी एक शत्रू उभा केला की ती शांतता पुढच्या लढाईआधीची विश्रांती होऊन जाते. पिल्लूही जीव न राहता सोबतचं हत्यार होतं. ग्वास्तीने त्याच्या दहा वर्षांत कितीतरी नवे बॉस, म्हणजे मोठे शत्रू, घातले, पण इथे हात आखडता घेतला. त्याच्या गेममध्येही राणीनंतर शांत वाट आहे आणि मागून येणारं पिल्लू आहे. दिमतीला सगळी साधनं असलेल्या स्टुडिओपेक्षा एका हौशी माणसाला हे अधिक नीट कळलं होतं, असं मी ठामपणे म्हणेन.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘सॅमस रिटर्न्स’ला ‘द गेम अवॉर्ड्स’चा सर्वोत्कृष्ट हँडहेल्ड गेमचा पुरस्कार मिळाला. वर्षभरापूर्वी याच सोहळ्याच्या यादीतून एएमटूआरचं नाव गळलं होतं.

पुढे दोघांचंही भलं झालं. मर्क्युरीस्टीमच्या कामावर साकामोतोंचा विश्वास बसला आणि २००० च्या दशकात दोनदा गुंडाळून ठेवलेला ‘मेट्रॉइड ड्रेड’ अखेर त्यांच्याकडून ८ ऑक्टोबर २०२१ रोजी आला. ग्वास्तीला मून स्टुडिओजने घेतलं. २०२० च्या ‘ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स’च्या रचनेत त्याचा वाटा आहे. एएमटूआरमध्ये चाहते आजही सुधारणा करत असतात. योकोईंनी मात्र यातलं काहीच पाहिलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद झालं. अधिकृत रिमेक आता जुन्या यंत्रावर, जुनं कार्ट्रिज मिळवूनच खेळता येतो. चाहत्याच्या रिमेकला अधिकृत जागा कधी नव्हतीच. निन्टेन्डोने त्याला परवाना द्यावा, योग्य तो मोबदला घ्यावा आणि तो आपल्या दुकानात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. सेगाने वाट घालून दिलीच आहे. तिघांपैकी आज सहज मिळतो तो सर्वांत जुना. फेब्रुवारी २०२३ पासून ‘मेट्रॉइड टू’ निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सदस्यांना खुला आहे. ज्यांच्याकडे स्विच आहे त्यांनी आधी तोच खेळावा, जवळ कागद-पेन्सिल घेऊन, नकाशा स्वतःच्या हाताने काढत. रिमेक त्यानंतर.